सकाळचं बटण

बाबा एकटे राहायचे, म्हणून लेकीने त्यांना एक वेबपेज करून दिलं होतं. रोज सकाळी सातला त्यावरचं ‘मी ठीक आहे’ हे बटण दाबलं, की तिच्या फोनवर निरोप यायचा.

“जन्मभर कमांड लिहून यंत्रांना राबवलं, आणि आता तू मला बटण दाबायला लावतेस होय गं?” बाबा कुरकुरले होते.

काल दिवसभर त्यांनी फोन उचलला नाही. सकाळचा निरोप आला होता, म्हणून तिने मनाची समजूत घातली. आज मात्र उजाडताच ती धावत आली.

“बाबा, उठा ना! बोला माझ्याशी!” त्यांचा हात केव्हाचा गार पडला होता.



तेवढ्यात सात वाजले. टेबलावरच्या संगणकात एक कमांड आपोआप चालली, ब्राउझर उघडला, आणि तिचा फोन वाजला: ‘मी ठीक आहे.’