न मागितलेली देणगी

“देणगी मी देते साहेब, पण कुणी मागितल्यावर,” नागपूरच्या ग्राहक आयोगासमोर इंदुताई ठणकावून म्हणाल्या. मोबाइलवर काढलेल्या नाटकाच्या तिकिटांत तिकीट विकणाऱ्या कंपनीने पन्नास रुपयांची देणगी न विचारता घुसवली होती. आयोगाने ते पन्नास परत करायला सांगितलेच, वर खर्चाचे दोन हजारही द्यायला लावले.

इंदुताई बाहेर पडल्या, तर कंपनीचे वकील मागून घाईघाईने येताना दिसले. आता हे हुज्जत घालणार, म्हणून त्यांनी पदर खोचला.

वकिलांनी इकडेतिकडे बघून मोबाइल पुढे केला. “काकू, मुंबईहून येताना माझ्या विमानाच्या तिकिटात न विचारता विमा घातलाय. तुमचा तो तक्रारीचा नमुना मिळेल?”

इंदुताईंनी पिशवीतून जास्तीची प्रत काढली. “घ्या. देणगीच्या जागी विमा लिहा. आणि वकील मात्र करू नका, लागत नाही.”