काटा काढलेला घास

"पोर पांढरीफटक पडली. तुज्या हातचं कायपन हिच्या अंगाला लागत नाय," पुतळाबाई डॉक्टरांसमोरही सुनेला बोलल्याच.

अर्पिता वैतागली होती. बीट झालं, खजूर झाले, टॉनिकच्या बाटल्या संपल्या, तरी लेकीचं रक्त वाढेना. वर सासूचे टोमणे रोजचेच.

डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला. "खाण्यात कमी नाही हो. हिच्या पोटात जंतू आहेत. त्यांच्यामुळे खाल्लेल्यातलं लोह शरीरात शोषलं जात नाही, म्हणून रक्त वाढत नाही. घरातल्या मोठ्यांच्या थुंकीतूनही येतात ते. हिला कुणी उष्टं भरवतं का?"

अर्पिता "नाही" म्हणायच्या आत पुतळाबाई कौतुकानं पुढे सरकल्या.

"मीच भरवते! मासलीचा काटा लागू नये म्हनून घास आदी मी चावते, मंग तिला देते."