सीटवरची राख

कॉलेज संपायच्या आधीच नीलिमाला बंगलोरची नोकरी लागली आणि बाबा तिच्याशी बोलायचे थांबले. "इथी चंद्रपुरात काऊन नाई भेटत?" एवढंच म्हणाले. मोबाईलवरचा कोड्यांचा खेळही त्यांनी तेव्हाच सोडला, असं तिला वाटलं. त्या ऑनलाइन खेळात बंद दारांवर कुणीतरी मनानं रचलेली लिपी असायची. एकेका चिन्हाचा आवाज ओळखला की दार उघडायचं. संध्याकाळच्या चहासोबत बापलेकीनं बरीच चिन्हं सोडवली होती. "तो 'म'च हाय," म्हणून बाबा हट्टाला पेटायचे. शेवटच्या दाराशी ती आता एकटीच अडली होती. औष्णिक वीज केंद्राच्या त्यांच्या कॉलनीत रोज सकाळी गाड्यांवर राखेचा थर असतो. पहिल्या पाळीची बस धरण्याआधी बाबा तिच्या स्कूटीची सीट पुसून ठेवायचे. अबोल्यातही ते चुकलं नव्हतं. आज मात्र राख तशीच होती. नीलिमाच्या मनाला लागलं. तिनं रागानं फडकं उचललं, आणि ती थांबली. राखेत बोटानं त्याच लिपीतली चिन्हं काढली होती. त्यातलं एक तिला अजून सुटलं नव्हतं. म्हणजे बाबा एकटेच पुढं खेळत होते. आजूबाजूच्या चिन्हांवरून तिनं तेही ओळखलं आणि हळूहळू वाचलं, "जाय. मी करमवून घेतो." दारातून आई ओरडली, "अवं, सीट पुस ना! ड्रेस खराब होईन." "होऊ दे," नीलिमा म्हणाली आणि राखेवरच बसली.