पोस्टरांचा रंग

व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी बंद पडली, तेव्हा सुनीलनं तिथली पोस्टरं राहुरीच्या घरात भिंतीभर लावली. उन्हानं रंग उडू नये म्हणून एकुलत्या एका खिडकीला खिळे ठोकले.

"किंमत आली की विकू, मग खुशाल उघड," तो रेश्माला म्हणाला. त्या कोंडीत तिनं कित्येक उन्हाळे स्वयंपाक केला.

आज पुण्याहून एक संग्राहक आला. "रंग अगदी कालचे वाटतात. म्हणाल ती किंमत देतो."

रेश्मा पक्कड आणायला उठली. परतली तेव्हा पाहुणा गेलेला, पोस्टरं जागच्या जागी.

"अहो, दिली न्हाईत?"

"येडी का तू? लई किमती माल हाय," सुनील दार लावत म्हणाला. "आता हेपण दिवसा उघडं ठेवू नको."