कोऱ्या नावाचा भाव

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून सुलभाने भाचीसाठी 'सायली' ठरवलं होतं. पण नाव म्हणजे जन्मभराचा इंटरनेटवरचा पत्ता, आणि जितकी मागणी तितका भाव. सायलीचा आजचा भाव ऐकून बाळाच्या बाबाचा, निशिकांतचा, चेहराच उतरला.

सुलभा पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात "कुर्रर्र" करून तिने मनात आलं ते सांगून टाकलं, "दवजाई."

नोंदणीला आलेल्या देवधरबाईंनी यंत्रात नाव घातलं आणि सावकाश चष्मा काढला.

"आत्याबाई, हे नाव आजवर कुणीच घेतलेलं नाही. अशा नावाला पैसे पडत नाहीत. शिवाय ते रेडिओलहरींवरून पृथ्वीबाहेरही पाठवतात."

"बाहेर म्हणजे कुठवर?"

"ही बालवाडीत जाईल तेव्हा सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी पोचेल. पुढे थांबत नाही ते."

"मग पाठवा की."

"केव्हाच गेलं."

सुलभाने हलकेच बाळाच्या डोक्याखाली हात घातला. जिला अजून मान धरता येत नव्हती, तिचं नाव एव्हाना चंद्र ओलांडून गेलं होतं.