बसंतीबाईचं म्हणणं

न्यायाधीश मॅडमनी दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं.

बाबूसिंगला ते रुचलं नाही. तो खुर्चीवरून हललाच नाही. “मी सख्खा भाऊ हाय जी तिचा,” तो म्हणाला. “माह्यासमोर बोलली तं काय बिघडते? तिले मिरगी येते. घाबरली का पडते.”

“डॉक्टर आहेत इथं,” मॅडम म्हणाल्या. “बसंतीबाईंचं म्हणणं मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. बाजूला कोणी नसताना.”

बाबूसिंग उठला. जाता जाता त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. “भेऊ नोको बसंती. दिवस बुडायच्या आत घरी पोचतो आपण.”

त्याच्यामागून जयाताई निघाल्या. दारव्ह्याच्या टोकाशी असलेली आजारी बायकांची ही संस्था त्याच चालवत. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवत त्या पडद्याबाहेर गेल्या आणि तिथंच थांबल्या. सकाळपासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

संस्थेच्या ऑफिसात आता मॅडम, डॉक्टर आणि बसंतीबाई एवढेच उरले. बसंतीबाईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. चाळिशी उलटली होती तिची. लहानपणापासून मिरगी, म्हणून तिचं सगळं तांड्यानं परस्पर ठरवून टाकलेलं. लग्न नको, बाजार नको, विहिरीकडे जाणं नको. तिला काय वाटतं, हे विचारायची वेळ कोणावर आली नव्हती. आज विचारत होते, तर ती मुठीतला पदर पिळत राहिली.

“घाई नाही,” मॅडम म्हणाल्या.

बसंतीबाईनं डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. मग ती बोलली.

“मले कोंडते जी.”

“कसं, ते सांगा.”

“खोली हाय. बाहेरून कडी. बादली आतमंदीच. जेवण खिडकीतून देते. गोळ्या वरणात कालवते. मंग दिसभर झोपच झोप. डोकं जड होऊन जाते.”

एकदा सुरुवात झाली आणि मग ती थांबली नाही. खिडकीतून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा. कापूस वेचायला निघालेल्या बायका हसत खिदळत तिथून जायच्या. आवाजावरून ती एकेकीला ओळखायची. तीही एकेकाळी वेचायला जात होती, आणि तिची ओळ सगळ्यांच्या पुढं असायची. “माहे हात अजूनबी चालते जी,” ती म्हणाली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवून दाखवले.

त्या खिडकीखाली एके दिवशी आरोग्य खात्याची आशा कार्यकर्ती राखी थांबली होती. लहान मुलांच्या डोसासाठी ती फिरत होती. आतून हाक ऐकून ती दचकली. “मले बाहेर काढ व बाई,” एवढंच बसंतीबाई म्हणाली होती. राखीनं वर कळवलं, आणि त्यातूनच आजची ही सुनावणी लागली होती.

“मारहाण होते?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही जी. बोट नाही लावलं कधी. मी पडन म्हून भेते. मी चुलीत पडली होती ना मांगं.” तिनं बांगड्या वर सारल्या. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी आक्रसलेली होती. त्या दिवशी बाबूसिंगनंच तिला उचलून जीपमध्ये घातलं होतं, आणि दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तो लहान पोरासारखा रडला होता. “भियानं वाचवलं मले,” ती म्हणाली. भिया म्हणताना तिचा आवाज मऊ झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला कोंडणारं माणूस आत्ता इथं आहे?”

बसंतीबाईला नाव घेववेना. तिनं पडद्याकडे बोट केलं. पडद्यामागं दोन सावल्या होत्या. किल्ल्या किणकिणल्या. मॅडमनी तिकडं पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि पुढं काही विचारलं नाही.

“ऐका बसंतीबाई,” त्या म्हणाल्या. “आजार आहे म्हणून माणसाला कोंडता येत नाही. घर असो की संस्था, कुठंच नाही. काळजीपोटी केलं म्हणूनही नाही. औषधसुद्धा तुम्हाला सांगून, विचारूनच द्यायचं. आणि राहायचं कुठं, ते तुम्ही सांगायचं.”

“मी सांगू?”

“तुम्हीच.”

ती पुढं वाकली आणि हळूच सांगितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. किती वर्षांनी कोण जाणे, बसंतीबाईनं पोटभर श्वास घेतला. मूठ आपोआप सुटली. पदराला पडलेल्या चुण्या तिनं हातानं सरळ केल्या.

दोघांना आत बोलावलं.

“बसंतीबाईंना कोंडायचा अधिकार कोणालाच नाही,” मॅडम म्हणाल्या. “पुन्हा कोणी तसं केलं, तर गुन्हा दाखल होईल. कुठं राहायचं ते त्यांनी ठरवलंय, आणि मी ते मान्य केलंय.”

जयाताईंनी डोळ्यांना पदर लावला. बाबूसिंगनं हात जोडले. “लय उपकार झाले जी. घरचं माणूस घरीच बरं.” मग तो बहिणीकडे वळला. “चाल बाई. जीप उभी हाय बाहेर.”

बसंतीबाई उठली. ती वाकून भावाच्या पाया पडली, अगदी मनापासून. वर पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“भिया, तू एकटाच जा. मी इथंच राहीन,” ती म्हणाली. “तू मले ज्या खोलीत ठेवत होता, ते आता मोकळी झाली. सोयाबीनची पोती भरजो तिच्यात.”