वाटीभर विरजण

होडीतून उतरून शाळेच्या वरच्या मजल्यावर आल्यापासून शेजारच्या यमुनाकाकूंचं एकच पालुपद चालू होतं, "हा साधा पूर नव्हे, ही जगबुडी आहे."

अन्विताला ते खरंच वाटू लागलं. यंदाच तर ती कबड्डीच्या संघात आली होती. जग इतक्यात संपून कसं चालेल?

तेवढ्यात काकूंनी पदराआडून वाटी काढली. दागिने घरीच राहिले होते. वाटीत होतं थोडंसं दही.

"हे कशाला आणलंत, काकू?"

"अगं, विरजण नको? मदतीचं दूध आलंय. आत्ता लावलं, तर सकाळी सगळ्यांना दही."

"पण जग तर बुडतंय ना?"

"कार्टे, दूध कोमट कर आधी."

सकाळी दही घट्ट लागलं होतं. अन्विता काकूंच्या पाया पडली.

"हे गं काय?"

"आजचा दिवस वाटीतून आणलात, म्हणून."